वाकळीचा चौथा कोपरा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की बाकीच्या बायका हळदकुंकू घेऊन धावायच्या, मी उठून घरी भाकरी थापायला जायची. आमचे मालक फौजेत होते. ते रजेवर नसले की रानातलं सगळं मीच बघायची. ओढ्यातनं गेले, मसणवट्याच्या कडेनं गेले. कधी काही दिसलं नाही. त्यामुळे हे लिहून पाठवायचं की नाही ह्यावर चार महिने घालवले. शेवटी नात म्हणाली, "आजी, तू सांग, मी टाईप करते." ती टाईप करते आहे, सांगणं माझं आहे. मी चौथी शिकलेली, सजवून सांगायला मला येत नाही.

आमचं गाव कोरेगावपासून एसटीनं अर्ध्या तासावर. घर रस्त्याला लागून. पुढं ओटा, त्यावर पत्रा, अंगणात एक शेवगा. जे झालं ते ह्या ओट्यावर झालं, दुपारी दोन ते साडेतीनच्या मध्ये, लख्ख उन्हात. अंधार, अमावास्या असलं काही नाही. मुलगा साखर कारखान्यात कामाला, सून सुरेखा अंगणवाडीत, नात प्राची शाळेत. दुपारची घरात मी एकटीच असते.

पण आधी जैतूनचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझं माहेर इस्लामपूरच्या बाजूला. आमच्या घरामागं पिंजाऱ्याचं घर होतं, कापूस पिंजून गाद्या भरायचे ते लोक. जैतून त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. दोघी एकदम शाळेत गेलो, चौथी झाल्यावर दोघींची शाळा एकदमच सुटली. जैतून डावरी. गुरुजींनी हातावर छड्या मारमारून तिला उजव्या हातानं लिहायला लावलं, पण सुई तिनं कधी उजव्या हातात धरली नाही. "सुई माझी हाय, गुरुजींची न्हाई," म्हणायची.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघींनी मिळून एक वाकळ, म्हणजे गोधडी, घातली. जुनी लुगडी एकावर एक पसरायची, मधे चिंध्या भरायच्या, आणि दोघींनी समोरासमोर बसून कडेनं टाके घालत आत यायचं. कोपरे मुडपून बंद करायचे असतात. तिथं टाका तिरका पडतो... माझा एका अंगाला, तिचा दुसऱ्या. वाकळ बघून कुणीही सांगावं कुठला कोपरा कुणाचा. आणि आमच्या गावात पद्धत अशी की, शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत चार दाणे जोंधळ्याचे टाकायचे. वाकळ उपाशी ठेवायची नाही म्हणून.

तीन कोपरे झाले आणि माझं लग्न ठरलं. मी म्हटलं, बस, आजच चौथा घालून टाकू. जैतून म्हणाली, "न्हाई. ह्यो मी घालीन तुझ्या घरी यिऊन. आपल्या गावचं दाणं घिऊन येती. तेवढंच यायला निमित्त."

ती कधी आली नाही. पुढच्या वर्षी तिचंही लग्न झालं, आष्ट्याजवळच्या एका गावात. मग तिला तिची पोरं, मला माझी. आणि खरं सांगायचं तर मी तिला एकदाही बोलावलं नाही. सासू काय म्हणेल म्हणून आधी नाही. सासू गेल्यावर, आता फार वर्षं झाली, कुठल्या तोंडानं बोलवायचं म्हणून नाही. एवढंच आहे ते. सासूनं दोनदा तो कोपरा बंद करायला सुई घेतली होती, दोन्ही वेळा मी वाकळ तिच्या हातातनं ओढून घेतली. एवढं मात्र केलं.

आता गोळ्यांचं.

तीन वर्षांपूर्वी मला चक्कर यायला लागली. कोरेगावच्या डॉक्टरांनी बीपी आहे म्हणून पांढरी गोळी दिली, रोज एक, दुपारी जेवणानंतर. मी तसंच केलं. जेवणानंतर म्हणजे जेवणानंतर. सोमवारी आणि शनिवारी मला उपास असतो, त्या दिवशी जेवण नाही, म्हणून गोळी नाही. ह्यात काही चुकतंय असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

पुढं गावात आशाताईंनी सगळ्या म्हाताऱ्यांचं बीपी तपासलं. तो दिवस नेमका सोमवार. शनिवारचीही गोळी चुकलेली, सोमवारचीही. बीपी चढलेलं निघालं. त्यांनी विचारलं, "आजी, कुठली गोळी चालू हाय का?" मी म्हटलं, "न्हाई." कारण त्या दिवशी घेतली नव्हती. दवाखान्यातनं मला पिवळसर गोळी मिळाली. मी पांढरीही घेत राहिले आणि पिवळीही. एक डॉक्टरची, एक सरकारी, दोन्हींचा रंग वेगळा, तेव्हा दोन्हींचं काम वेगळं असणार. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

महिन्याभरात माझं डोकं जड झालं. ओली पेंड भरल्यासारखं. आमटीत मीठ दोनदा. प्राचीला नणंदेच्या नावानं हाक. एकदा मंडईत उभी राहिले आणि कशाला आले तेच आठवेना. घेवडा घ्यायला गेले होते, आणि घेवड्याच्या पोत्यासमोरच उभी होते.

त्याच दिवसांत जैतून यायला लागली.

पहिल्यांदा आली तेव्हा मी जेवून, गोळ्या घेऊन ओट्यावर भिंतीला टेकले होते. ती पायरीवर बसलेली. म्हातारी, माझ्याएवढीच. हिरवं पातळ, डोक्यावर पदर. मला नवल वाटलं नाही, भीती वाटली नाही. जैतून आली एवढंच वाटलं.

ती म्हणाली, "शेवंते, कोपरा राहिलाय न्हवं. वाकळ काढ की गं."

मी म्हटलं, "काढते, बस." आणि घरात गेले. आणि वाकळ कुठं ठेवली ते आठवेना. कपाट बघितलं, माळा बघितला, पलंगाखाली बघितलं. बाहेर आले तर ती गेलेली.

असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. ती यायची, पायरीवर बसायची, वाकळ मागायची. मी शोधायला जायची, सापडायची नाही. एकदा चिडून म्हणाली, "लगीन झाल्यावर माणूस एवढं इसरतंय व्हय?" मी म्हटलं, "तू तरी कुठं आलीस?" तर हसली. पुढचे दोन दात नव्हते तिला. मी तिला शेवटची पाहिली तेव्हा सगळे होते.

एक दिवस सुरेखा लवकर घरी आली, तर ओट्यावर दोन कपबशा. एक रिकामी, एक भरलेली, वर साय धरलेली.

"आत्या, कोण आलं होतं?"

"जैतून."

"कोण जैतून?"

मी सांगितलं. तिनं कपबशा उचलल्या, आत गेली आणि माझ्या मुलाला फोन लावला.

तरी त्यांनी थोडे दिवस दम धरला. मग ती गॅसची गोष्ट झाली. प्राची तापानं आत झोपलेली. जैतूनसाठी म्हणून मी चहा ठेवला आणि वाकळ शोधायला माळ्यावर चढले. चहा उतू जाऊन गॅस विझला, वास सगळ्या घरात. शेजारीण पळत आली म्हणून बरं. प्राचीला उचलून बाहेर आणलं. दुसऱ्या दिवशी मुलानं आणि सुरेखानं मला साताऱ्याला नेलं.

साताऱ्याची डॉक्टरीण तरुण होती, पण हुशार. तिनं आधी परीक्षा घेतली. वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द सांगून लक्षात ठेवायला सांगितले. मग म्हणाली, "आजी, आजोबांचं नाव काय होतं?"

मी गप्प.

"आठवत नाही का?"

तिनं कागदावर फुली मारली. तेव्हा सुरेखा म्हणाली, "मॅडम, त्यांना आठवतंय. त्या घेत नाहीत."

"काय घेत नाहीत?"

"नाव."

डॉक्टरीण हसली आणि फुली खोडली. मग पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला सांगितल्या. पांढरी आणि पिवळी शेजारी धरली, आणि कपाळाला हात लावला.

"आजी, ह्या दोन्ही एकच औषध आहेत. कंपनी वेगळी, रंग वेगळा. तुम्ही दुप्पट घेताय. आणि उपासाच्या दिवशी एकदम बंद?"

"जेवण नसतं त्या दिवशी."

"गोळीला उपास नसतो आजी. गोळीत कांदा-लसूण पण नसतो."

सुरेखा तोंडाला पदर लावून हसली. मलाही हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

डॉक्टरीण नीट समजावून बोलली. म्हणाली, बीपी फार खाली गेलं की मेंदूला रक्त कमी पोचतं, म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो, विसरायला होतं, नसलेली माणसं दिसतात. आणि दोन दिवस खाली, एक दिवस वर, असं झोके घेणं तर आणखी वाईट. एखादी गोळी एखाद्याला मानवत नाही, तीही बदलता येते. पण आपल्या मनानं बंद करायची नाही. बीपी वर्षानुवर्षं तसंच वाढलेलं ठेवलं तर त्यानंच मेंदू जातो.

मी विचारलं, "जैतून फक्त जेवलेल्या दिवशीच का यायची? सोमवारी-शनिवारी कधी आली न्हाई."

"तेच तर. गोळ्या डबल झाल्या त्या दिवशी दिसायची. आता नाही दिसणार."

तिचं बरोबर होतं. एक गोळी राहिली, रोज, उपास असो नसो. सुरेखानं मशीन आणलं, रोज चार वाजता बीपी बघून वहीत तारखेसकट लिहायची. पंधरा-वीस दिवसांत डोकं मोकळं झालं. आणि एका सकाळी दात घासता घासता मला आठवलं, वाकळ मालकांच्या काळ्या ट्रंकेत आहे, त्यांच्या फौजेच्या कांबळ्याखाली. मीच ठेवली होती, कसर लागू नये म्हणून.

काढली. तीन कोपरे बंद, चौथा उघडा. सगळं होतं तसं.

पण आता जैतून येईना.

हे नीट समजून घ्या, कारण माझा सगळा जीव इथंच अडकला होता. ती होती तेव्हा वाकळ सापडत नव्हती. वाकळ सापडली तर ती नाही. मी रोज दुपारी ओट्यावर वाकळ पसरून बसायला लागले. सकाळी सुरेखाकडनं सुईत दोरा ओवून घ्यायची. मोतीबिंदूमुळं मला सुईचं नाक दिसत नाही, आणि हातही थरथरतो. सुरेखानं एकदाच विचारलं, "आत्या, मी घालू का कोपरा?" मी म्हटलं, "हात लावू नकोस."

ती भ्रम होती असं डॉक्टरीण म्हणाली, मला पटलंही. पण भ्रम तर भ्रम. इतक्या वर्षांनी मला कुणीतरी शेवंते म्हणत होतं. आई-बाप गेले, भाऊ गेला, मालक गेले. आता मला सगळे आजी म्हणतात, आत्या म्हणतात. शेवंता म्हणणारं माणूस राहिलेलं नाही.

पिवळ्या गोळ्यांची अर्धी पट्टी मी टाकली नव्हती. तांदळाच्या डब्यात ठेवली होती.

एका शनिवारी मी ती काढली. उपास होता, ताक पिऊन माझी रोजची गोळी घेऊन झाली होती. म्हटलं, वर एकच घेऊ. एक दुपार. वाकळ दाखवू, कोपरा घालून घेऊ, मग काय व्हायचं ते होऊ दे. गोळी तोंडात टाकली. पाण्याचा तांब्या उचलला आणि समोर प्राचीचं दप्तर दिसलं, त्या दिवशी शाळा अर्धी होती. पोरगी येऊन आत झोपली होती. मला गॅसचा वास आला. खरा नव्हे, आठवणीतला. मी मोरीत जाऊन गोळी थुंकली, चूळ भरली, आणि उरलेली पट्टीही मोरीत पिळून टाकली. मग ओट्यावर जाऊन वाकळीला म्हटलं, "राहू दे. उघडीच राहू दे."

तोंड कडू झालं होतं म्हणून आत जाऊन चहा ठेवला. गॅसपाशी उभी राहिले, हलले नाही. चहाला उकळी आली, गाळला, बाहेर आले. किती वेळ? सात-आठ मिनिटं धरा.

कोपरा बंद होता.

मी कप खाली ठेवला. बोटानं चाचपलं. अकरा टाके, तिरके, डाव्या हाताचे. सुई शेजारी वाकळीत खोचलेली, दोरा दातानं तोडलेला. सुरेखानं ओवून दिलेलाच पांढरा दोरा. कोपरा दाबला तर आत चार-पाच दाणे बोटाला लागले.

जैतून दिसली नाही. पायरी रिकामी होती. सगळ्या गोष्टीत मला वाईट ह्याचंच वाटतं.

चार वाजता सुरेखा आली. बघितलं आणि म्हणाली, "आत्या, तुम्हीच घातला असेल आणि विसरला असाल." मी तिला सुई दिली आणि म्हटलं, "बघ माझ्याच्यानं एक तरी टाका पडतोय का." पडला नाही. तिनं बीपी बघितलं, बरोबर होतं, वहीत लिहिलं. डॉक्टरणीचे सगळे प्रश्नही विचारले, सगळ्यांची उत्तरं दिली, नवऱ्याचं नाव सोडून. प्राचीला उठवून विचारलं, ती म्हणाली मी झोपले होते, आणि मला कुठं शिवता येतं? ती उजव्या हाताची आहे.

मी माहेरी भाच्याला फोन केला. म्हटलं, जैतूनचं काय झालं ते काढ. कधी गेली, कशानं गेली.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "आत्या, गेली कुठं? जित्ती हाय की!"

मी आणि सुरेखा एसटीनं निघालो. सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर, तिथनं आष्ट्याची गाडी. वाकळ मांडीवर. जैतूनची सून शबाना दारातच भेटली. मी नाव सांगितल्यावर तिनं पाणी दिलं आणि म्हणाली, "आवं, पण तुमाला वळखायच्या न्हाईत त्या. तीन वर्सं झाली, डोस्कं गेलंय. बीपी लय जुनं. डाक्टर सांगून दमला, गोळी घेतलीच न्हाई कवा. म्हनायच्या, मला काय धाड भरलीया? मग येकदा तोंड वाकडं झालं, आन तवापासनं इसरतच गेल्या."

मी एकाच औषधाच्या दोन खात होते, आणि ही एकही नाही.

शबाना पुढं बोलत होती. "तरास काय न्हाई त्यांचा. दुपारी जेवान झालं की भितीला टेकून बसायच्या आन हात नुसता असा चालायचा, शिवल्यासारखा. डावा हात. किती सांगितलं तरी थांबायच्या न्हाईत. सोयरीक जमली माझ्या पोरीची, त्या दिवशी पावनं बसलेलं, आन ह्यांनी दातानं दोरा तोडल्यागत केलं आन मोठ्यांदा म्हनाल्या, 'झालं बाई!' मला मेल्याहून मेल्यागत झालं. तवापासनं हात थांबलाय बगा."

सुरेखानं माझ्याकडं बघितलं. "कुठला वार होता?"

"शनवार. दुपारचं तीन वाजलं असतील."

सुरेखा बीपीची वही बरोबर घेऊन आली होती. शबानानं पोरीच्या सोयरिकीची तारीख सांगितली. कोपरा बंद झाला त्या शनिवारची वहीतली तारीख तीच होती.

मग मला आत नेलं. जैतून खाटेवर बसलेली. हिरवं पातळ नव्हतं, साधा गाऊन होता. पुढचे दोन दात नव्हते.

मी म्हटलं, "जैतून, मी शेवंता."

तिनं माझ्याकडं बघितलं, रस्त्यानं जाणाऱ्या माणसाकडं बघावं तसं. मी वाकळ तिच्या मांडीवर ठेवली. तिचा डावा हात फिरला, एक कोपरा, दुसरा, तिसरा, आणि चौथ्यावर थांबला. बोटानं दाबून बघितला. मान हलवली. वाकळ पायावर ओढून घेतली.

सुरेखा म्हणते, कोपरा उसवून दाणे बघू या. काय बघायचं? जोंधळा सगळीकडं सारखाच. मी वाकळ तिथंच ठेवून आले, त्यामुळे फोटो मागू नका. टाके कुणी घातले मला माहीत नाही. डॉक्टरणीला सांगितलं, तिलाही माहीत नाही. ती एवढंच म्हणाली, गोळी चुकवू नका. मी चुकवत नाही, उपासालाही नाही.

निघायच्या आधी मी तिला पुन्हा विचारलं, "वळखलंस का मला?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग खाटेवर सरकून जागा केली. म्हणाली, "बसा की. माजी मैतरीन यायची हाय कोरेगावास्नं. शेवंता म्हनून. येवढ्यात यील."

शेवटच्या गाडीला दीड तास होता. मी तिच्याशेजारी बसले आणि तिच्याबरोबर माझी वाट बघितली.